एकाच कंपनीची सगळी उपकरणे घ्यावीत, की सरमिसळ चालू ठेवावी?

प्रश्न – कोरी_वही

माझ्याकडे आयफोन आहे, घरी एक अँड्रॉइड टॅब्लेट व एक जुना विंडोज लॅपटॉप आहे आणि कार्यालयाने दिलेला लॅपटॉपही विंडोजचाच आहे. हे सारे ठरवून झालेले नाही. जे जेव्हा मोडले तेव्हा जे बरे वाटले ते घेतले, इतकेच. घरचा लॅपटॉप आता बदलायचा असल्यामुळे प्रथमच हा विचार करते आहे की, मॅक घेऊन सगळे एका छत्राखाली आणावे की आहे तसेच चालू द्यावे.

प्रश्न डोक्यात आला तो मागच्या आठवड्यातल्या एका कामामुळे. स्वाक्षरी केलेल्या ११ कागदांचे फोटो कार्यालयाच्या अंतर्गत संकेतस्थळावर चढवायचे होते. फोनने ते एचईआयसी या आयफोनच्या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवले आणि संकेतस्थळ जेपीजीशिवाय काही घेईना. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवले, तर फोटो इतके दाबले गेले की स्वाक्षरीखालचे आकडे वाचता येईनात. क्लाउडवर चढवून लॅपटॉपवर उतरवले, तर फाइल पुन्हा एचईआयसीच. शेवटी एकेक फोटो रूपांतरित करत बसले आणि चाळीस मिनिटे गेली. शेजारच्या सहकाऱ्याची सगळी उपकरणे एकाच कंपनीची आहेत. तो असले काम चहा निवायच्या आत उरकतो.

दुसरीकडे अशी भीतीही वाटते की, एकदा सगळे एका घरात नेले की तिथून बाहेर पडणे अवघड होईल. ज्यांनी दोन्ही प्रकारे दिवस काढले आहेत त्यांचे मत हवे आहे. घर आणि कार्यालय यांचा एकत्र विचार करावा की वेगवेगळा, हेही सांगावे.

उत्तर १ – माळ्यावरची_पेटी

मी दहा वर्षे सरमिसळ केली आणि आता एकाच इकोसिस्टिममध्ये, म्हणजे एका कंपनीच्या परस्पर जुळणाऱ्या उपकरणांच्या घराण्यात, आहे. त्यामुळे माझे मत सरळ आहे: एका छत्राखाली या.

आपण यात नेमके काय विकत घेतो ते पाहावे. एका उपकरणावर अर्धवट लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर पुढे लिहिण्याची सोय ॲपलने २०१४ मध्ये आणली, तर फोनवर कॉपी केलेले मॅकवर पेस्ट करण्याची २०१६ मध्ये. ॲपलच्या फायली पाठवण्याच्या एअरड्रॉप या सोयीत दोन उपकरणे ब्लूटूथवरून एकमेकांना ओळखतात आणि फाइल मात्र थेट वाय-फायवरून जाते. मध्ये राउटर नको की इंटरनेट नको. सगळी उपकरणे एकाच खात्याने उघडलेली असली की दर वेळी परवानगी विचारण्याचाही प्रश्न येत नाही. हे बाहेरच्या कोणाला इतक्या सफाईने जमत नाही, कारण यंत्र, प्रणाली आणि खाते या तिन्हींच्या चाव्या एकाच हातात असाव्या लागतात.

हा केवळ ॲपलचा गुणगौरव नव्हे. गूगलचे फायली पाठवण्याचे निअरबाय शेअर २०२० मध्ये आले, २०२४ मध्ये ते सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळले आणि त्याचे विंडोजसाठीही ॲप आहे. अँड्रॉइड फोन आणि विंडोज लॅपटॉप ही जोडी मायक्रोसॉफ्टच्या फोन लिंक या ॲपमुळे आज बरीच एकजीव वाटते. तेव्हा छत्र कोणाचे हा पुढचा प्रश्न. पण एक हवे.

माझे खरे कारण मात्र वेगळे आहे. घरातल्या चार माणसांची सगळी उपकरणे मीच सांभाळतो. पूर्वी आईचा फोन एका प्रकारचा, वडिलांचा दुसऱ्या प्रकारचा आणि टॅब्लेट तिसऱ्या, त्यामुळे फोनवरून ‘उजवीकडे वर तीन टिंबे दिसतात का?’ असे विचारले की ती एकाच्या पडद्यावर असत आणि दुसऱ्याच्या नसत. सुविधा प्रत्येकात चिकार होत्या, पण एक ना धड, भाराभर चिंध्या. आता माझ्यासमोर जो पडदा असतो तोच त्यांच्यासमोर असतो. घरातल्या तंत्रज्ञाचा वेळ कोणी हिशेबात धरत नाही, म्हणून हे आवर्जून लिहिले.

उत्तर २ – जिना_चढताना

वरच्या उत्तरातले वर्णन खरे आहे, निष्कर्ष मला मान्य नाही.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीतले माझे खाते ‘संशयास्पद हालचाल’ असे कारण देऊन अकरा दिवस बंद ठेवले गेले. ईमेल, फोटो, दिनदर्शिका, पासवर्ड आणि ज्या ज्या संकेतस्थळांवर त्या खात्याचे बटण दाबून मी प्रवेश करत होतो ती सर्व, एका सकाळी बंद. खाते परत मिळवण्याचा सांकेतिक अंक त्याच बंद ईमेलवर जात होता. म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच. उपकरणे सगळी ठणठणीत होती, आणि त्यांचा उपयोग शून्य. तेव्हापासून मी फोन कोणाचा आहे याची चिंता सोडली आणि खाते कोणाचे आहे याची सुरू केली.

प्रश्नकर्तीने म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात. यंत्रे हवी तर एका घराण्याची घ्या. पण ओळख, पासवर्ड आणि मूळ फायली यांचा मुक्काम त्या घराण्याबाहेर असू द्या. ईमेलसाठी आयमॅप, दिनदर्शिकेसाठी कॅलडॅव्ह आणि संपर्कांसाठी कार्डडॅव्ह हे खुले मानक संकेत आहेत. ते पाळणारी सेवा घेतली की आयफोन, मॅक आणि थंडरबर्डसारखे ईमेलचे ॲप यांवर ती थेट चालते, अँड्रॉइडवर एखादे जोड-ॲप टाकावे लागते. पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या स्वतंत्र तिजोरीत ठेवता येतात. पासकीबाबत, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात साठवल्या जाणाऱ्या डिजिटल किल्लीबाबत, तर जास्तच सावध असावे. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तिला पाठिंबा दिला हे खरे, पण ‘सेव्ह करू का?’ या प्रश्नाला आपण न वाचता हो म्हणतो आणि ती त्या त्या कंपनीच्या साठ्यात जाऊन बसते.

फुकट जागेचा मोह हाही आवळा देऊन कोहळा काढण्याचाच प्रकार आहे. गूगल १५ जीबी देते, ॲपल ५ जीबी. ती भरेपर्यंत आपले सगळे तिथेच रुजलेले असते. गूगल फोटोजमधली अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हा हजारो फोटो घेऊन दुसरीकडे जाण्याचे कष्ट कोण घेणार? गूगलमधला आपला साठा बाहेर काढण्याची टेकआउट नावाची सोय २०११ पासून आहे आणि ती प्रामाणिक आहे, पण एकदा वापरून पाहा. फोटोंच्या जोडीने तपशील साठवणाऱ्या छोट्या जेसन फायलींचा ढीग येतो, आणि तुम्ही तिथे हाताने दुरुस्त केलेल्या तारखा किंवा लिहिलेली वर्णने त्या ढिगात असतात. दुसऱ्या ॲपने ती जोडून घेतली नाही, तर स्कॅन केलेले आजीचे सगळे फोटो स्कॅन केल्याच्या दिवसाचे होऊन बसतात.

छत्रच नाहीसे होऊ शकते, हाही मुद्दा आहे. विंडोजच्या फोनवर विसंबलेल्यांचा आधार २०२० पर्यंत संपला. मायक्रोसॉफ्ट लहान कंपनी नव्हती.

(केबलचे भांडण मात्र जवळजवळ मिटले आहे. आयफोनही २०२३ पासून यूएसबी-सीवर आला आणि युरोपीय संघात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना तेच बंधनकारक आहे.)

उत्तर ३ – दुसरी_पाळी

मी कार्यालयांची संगणकव्यवस्था पाहते, म्हणून प्रश्नाच्या शेवटच्या भागाबद्दलच लिहिते. इकोसिस्टिम एक असो वा चार, ती कार्यालयाच्या उंबरठ्यावर थांबली पाहिजे.

कार्यालयाच्या यंत्रावर स्वतःचे खाजगी खाते उघडले की सोय आणि धोका एकाच दारातून आत येतात. घरच्या फोनवर कॉपी केलेला बँकेचा पासवर्ड कार्यालयाच्या मॅकच्या क्लिपबोर्डवर येऊ शकतो, आणि ते यंत्र तुमचे नाही. उलट बाजूचे उदाहरण अधिक वेळा पाहिले आहे. एका कर्मचाऱ्याने मुलाच्या जन्मापासूनचे फोटो कार्यालयाच्या क्लाउड खात्यात ठेवले होते, कारण तिथे जागा भरपूर होती. नोकरी सोडल्याच्या संध्याकाळी नियमाप्रमाणे खाते बंद झाले. फोटो परत मिळाले, पण तीन आठवडे अर्जविनंत्या करून, आणि ते मिळाले हे त्याचे नशीब.

कार्यालयाचे ईमेल स्वतःच्या फोनवर घ्यायचेच असेल, तर व्यवस्थापन कोणत्या पद्धतीचे आहे ते आधी विचारावे. अँड्रॉइडमध्ये कामाचा कप्पा, म्हणजे वर्क प्रोफाइल, वेगळा करता येतो आणि कार्यालयाने काही पुसले तरी तेवढा कप्पाच पुसला जातो. जुन्या पद्धतीच्या काही मांडणींत मात्र दूरवरून संपूर्ण फोन कोरा करण्याचा अधिकार आपण ‘ॲक्सेप्ट’ दाबून देऊन टाकलेला असतो.

सरमिसळीत मला रोज भेटणारी अडचण याहून क्षुल्लक आहे, ती मराठी मजकुराची. विंडोजवर निर्मला किंवा मंगल फाँटमध्ये बसवलेला १४ पानी अहवाल मॅकवर उघडला की तो फाँट नसल्यास दुसरा घेतला जातो, ओळींची उंची बदलते आणि तक्ता अर्धा पुढच्या पानावर सरकतो. सगळ्या यंत्रांवर नोटो सान्स देवनागरी हा एकच फाँट बसवावा आणि बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवावी. पेन ड्राइव्हही एक्सफॅट या साठवण-पद्धतीत तयार करावा: विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीवर मॅकला सहसा फक्त वाचता येते, आणि जुनी फॅट३२ ही पद्धत ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही.

आणि मूळ तक्रारीचे औषध: फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’. पुढचे फोटो जेपीजीत येतील. एचईआयसी हा २०१७ पासूनचा ठरावीक पर्याय आहे, जागा वाचवतो, पण वाईट संकेतस्थळांपुढे त्याचे काही चालत नाही. यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नये.

उत्तर ४ – माळ्यावरची_पेटी

खात्याचा मुद्दा मान्य. माझ्याही सगळ्या पासकी एकाच ठिकाणी आहेत हे आज तपासल्यावर कळले आणि जरा घाम फुटला. तरीही चार स्वतंत्र सेवा निवडणे, त्यांची वर्गणी भरणे आणि त्या चालू ठेवणे हे उत्तर २ लिहिणाऱ्याला जमते, माझ्या वडिलांना जमणार नाही. त्यांच्यासाठी मी एकच छत्र ठेवीन आणि फोटोंची एक प्रत दर तिमाहीस बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेईन.

प्रश्नकर्तीला एक सूचना: लॅपटॉपआधी मनगटाचा विचार करा. ॲपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालवता येत नाही आणि २०२१ पासूनची सॅमसंगची घड्याळे आयफोनशी जुळत नाहीत. लॅपटॉप बदलणे सोपे. घड्याळात तीन वर्षांच्या झोपेच्या आणि चालण्याच्या नोंदी साठल्या की फोन बदलायला हात धजावत नाही.

कोरी_वही

सर्वांचे आभार. घड्याळ अजून घेतलेले नाही, आणि आता घाई करणार नाही.

कॅमेऱ्याचे स्वरूप बदलले. लोकलसेंड हे एकाच वाय-फायवर कोणत्याही प्रणालीत फायली पाठवणारे मोफत ॲप फोनवर आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर बसवून पाहिले. तेच ११ कागद पुन्हा काढले आणि ते काही सेकंदांत पोचले. कार्यालयाच्या लॅपटॉपवर ते बसवायला परवानगी लागते, म्हणून तिथे रीतसर अर्ज केला आहे. नवा लॅपटॉप विंडोजचाच घेईन.

एका खात्याचे बटण दाबून मी किती ठिकाणी प्रवेश करते याची यादी काल काढली. ३७ निघाली, त्यांपैकी नऊ मला आठवतसुद्धा नव्हती. बँक आणि वीजबिल यांच्यापासून सुरुवात करून रोज दोन खाती स्वतंत्र पासवर्डवर हलवते आहे.