मदत हवी आहे: आई-बाबांसह लेफ्कादा बेटाभोवती एक आठवडा शिडाच्या बोटीने

नमस्कार मंडळी,

आम्ही जर्मनीत राहतो. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आई-बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे येणार आहेत आणि त्यातला एक आठवडा ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रातल्या लेफ्कादा बेटाभोवती, भाड्याच्या शिडाच्या बोटीवर घालवावा असा बेत आहे. आम्ही पाच जण आहोत: मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, बहात्तर वर्षांचे बाबा आणि अडुसष्ट वर्षांची आई. बाबा मूळचे मालवणचे. आजोबांची शिडाची होडी होती, पण बाबा नोकरीसाठी घाटावर आले आणि त्यानंतर शिडाखाली बसण्याचा योग त्यांना पुन्हा आला नाही. तो यावा, हे या सहलीमागचे खरे कारण आहे.

लेफ्कादाच निवडण्याचे कारण तिथला वारा. एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्तेमी वारा दिवसरात्र जोर धरून राहतो. आयोनियन बाजूला सकाळ बहुधा शांत असते, दुपारी वायव्येकडून माइस्त्रोस सुटतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. बाबांना हे सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे आपले खारे वारेच की." शिवाय लेफ्कादा पुलाने मुख्य भूमीला जोडलेले आहे आणि प्रेवेझाचा विमानतळ जवळ आहे, त्यामुळे आई-बाबांचा रस्त्याचा प्रवास थोडक्यात आटोपतो.

बोट शनिवारी संध्याकाळी ताब्यात मिळते आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेफ्कादा शहराच्या मरीनात परत आणावी लागते, म्हणजे हाती सहाच दिवस उरतात. सध्याचा आराखडा असा आहे की बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या कालव्यातून दक्षिणेला निघून मेगानिसी बेट, तिथून इथाका बेटावरचे किओनी, मग केफालोनियाचे फिस्कार्दो (1953 च्या भूकंपात त्या बेटावरची बहुतेक गावे पडली, हे गाव मात्र वाचले), आणि तिथून पुन्हा लेफ्कादाच्या दक्षिण किनाऱ्यावर सिवोता व वासिलिकी. बहुतेक टप्पे 10 ते 15 सागरी मैलांचे, म्हणजे दोन-तीन तासांचे आहेत. इथपर्यंत फारशी अडचण दिसत नाही.

खरा प्रश्न पश्चिम किनाऱ्याचा आहे. बाबांची इच्छा बेटाला पूर्ण प्रदक्षिणा घालण्याची आहे, आणि प्रदक्षिणा म्हटली की बेट उजव्या हाताला हवे. म्हणजे पूर्वेकडून खाली उतरायचे आणि लेफ्काताचे पांढऱ्या कड्यांचे टोक वळून पश्चिमेकडून वर चढायचे. पण त्या बाजूला उघडा समुद्र आहे, वीसेक मैलांत आसऱ्याचे एकही बंदर नाही, आणि दुपारचा वारा नेमका समोरून येतो. मला सुचलेला मार्ग असा: शुक्रवारी पहाटे साडेपाचला वासिलिकीहून निघावे, वारा नसतानाच इंजिनावर पोर्तो कात्सिकीच्या कड्यांखालून उत्तरेला जावे आणि वारा सुटण्यापूर्वी, दहा-साडेदहापर्यंत, तरंगत्या पुलापाशी पोहोचावे, पूल उघडला की कालव्यातून मरीना गाठावी. पहाटे समुद्रात लाटांचा जोर जाणवला, तर तिथूनच मागे फिरून पूर्वेच्या बाजूने संध्याकाळपर्यंत परतता येईल. आईला त्या दिवशी पत्नीबरोबर वासिलिकीहून टॅक्सीने रस्त्याने पाठवता येईल, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीतल्या थोड्या वेळातही तिला मळमळते. ज्यांनी हा किनारा बोटीने केला आहे त्यांनी कृपया सांगावे: हा हिशेब योग्य आहे का, की आदल्या दिवशीच्या वाऱ्याच्या लाटा पहाटेपर्यंत त्या कड्यांखाली उसळतच असतात? उलट्या दिशेने, वारा पाठीवर घेऊन उतरणे अधिक शहाणपणाचे असेल, तर बाबांची समजूत मी घालीन.

दुसरा प्रश्न बोटीचा. दोन सांगाड्यांची कॅटामरान कलत नाही आणि आईसाठी ती बरी, हे समजते. पण ती रुंद असल्यामुळे किओनी किंवा फिस्कार्दोसारख्या लहान धक्क्यांवर तिला जागा मिळणे कठीण जाते, आणि भाडेही बरेच जास्त पडते. तिकडे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत; पुढे नांगर टाकून मागे मागे येत पाठ धक्क्याला बांधतात आणि एका अरुंद फळीवरून उतरतात. बाबांचे गुडघे दुखतात. ज्यांनी वयस्कर आई-वडिलांना नेले आहे त्यांना ती फळी कितपत जमली? नांगरावर राहून लहान रबरी होडीने किनाऱ्यावर जाणे त्याहून सोपे होते का?

माझ्याकडे जर्मनीचा समुद्रासाठीचा बोटचालक परवाना आहे, पण शिडाचा अनुभव बोडेनझे तलावापुरताच आहे. ग्रीसमध्ये चालकाविना बोट घ्यायची तर परवानाधारकाबरोबर दुसरी एक जाणकार व्यक्तीही लागते, आणि पत्नीला तो अनुभव नाही. त्यामुळे स्थानिक चालक घेण्याचे जवळजवळ ठरले आहे. त्याला झोपायला स्वतंत्र केबिन आणि जेवणही द्यावे लागते, म्हणजे चार केबिनची बोट आली. एवढ्या लहान जागेत अनोळखी माणसाबरोबर आठवडा काढणे आई-बाबांना कसे जाते, याचा कोणाला अनुभव आहे का? सुकाणू थोडा वेळ बाबांच्या हाती देण्यास हे चालक सहसा तयार असतात का, हेही मला आवर्जून जाणून घ्यायचे आहे.

काळ जूनचा शेवट की सप्टेंबरचा मध्य, हे ठरत नाही. सप्टेंबरात पाणी उबदार असते, पण 2020 साली सप्टेंबरातच इआनोस हे वादळ याच बेटांवर आदळले होते, म्हणून माझा कल जूनकडे आहे. जेवणाची चिंता मात्र कमी आहे. आई शाकाहारी आहे, बोटीवर गॅसची शेगडी असते, आणि लेफ्कादाच्या डोंगरातल्या एंग्लुवी गावचा मसूर प्रसिद्ध आहे, तेव्हा आमटीची सोय तिथेच होईल. लहान कुकर सोबत न्यावा का, की हलत्या शेगडीवर तो धोक्याचा ठरतो?

शेंगेन व्हिसासाठी आई-बाबांचा 30,000 युरोंचा प्रवास विमा काढावाच लागेल. तो शिडाच्या बोटीवर झालेल्या दुखापतीला लागू होतो का, हे कोणी विमा कंपनीकडून लेखी घेतले असल्यास नेमकी विचारणा कशी केली तेही कृपया कळवावे. बोटीचे आरक्षण आम्हाला डिसेंबरअखेर करायचे आहे.