प्राथमिकची शाळा दुपारी: नव्या मुख्याध्यापिकांचा निर्णय योग्य की घाईचा?

तीन हात नाका

नौपाड्यातली एक जुनी अनुदानित मराठी शाळा. नाव मुद्दाम देत नाही, कारण दोन सत्रांत चालणाऱ्या ठाण्यातल्या कुठल्याही शाळेला हा प्रश्न पडू शकतो. इमारत एकच, वर्गखोल्या अठरा. गेल्या वर्षापर्यंत पहिली ते चौथीच्या बारा तुकड्या सकाळी ७.१० ते १२.०५ आणि पाचवी ते दहावीच्या अठरा तुकड्या दुपारी १२.३० ते ६ अशा भरत होत्या. जूनमध्ये प्राथमिक विभागाला नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि पहिल्या पंधरवड्यातच सत्रांची अदलाबदल झाली. आता माध्यमिक सकाळी ६.५० ला आणि प्राथमिक दुपारी १२.३० ते ५.२५.

शिवाय आणखी तीन बदल: पालकांना फाटकाच्या आत प्रवेश नाही आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय मूल सोडायचं नाही, वर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर फक्त शाळा लिहिणार, दुसरीपर्यंत गृहपाठ बंद.

हे तीन बदल पचण्यासारखे आहेत. वेळेचा नाही. आई-बाबा दोघंही आठच्या आसपास लोकलने निघतात अशा घरात मूल सकाळभर पाळणाघरात राहणार, तिथून बाराला कुणीतरी शाळेत सोडणार आणि साडेपाचला पुन्हा कुणीतरी आणणार. आधी मूल दिवसातून दोनदा हातातून हातात जायचं, आता चारदा. सात वर्षांच्या मुलाची झोप वाचवण्यासाठी त्याचा सगळा दिवस मोडायचा का, हा माझा प्रश्न आहे.

---

खडू-फळा

हा बाईंच्या मनात आलेला बदल नाही. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. ही शाळा २०२४-२५ पासूनच बदलायला हवी होती. आधीच्या मुख्याध्यापकांनी ते पुढे ढकललं, आणि रोष नव्या माणसाच्या वाट्याला आला.

झोपेचा हिशेब मांडा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. ७.१० च्या शाळेसाठी कळव्याहून किंवा कोपरीहून येणारं मूल सहाला उठतं, म्हणजे त्याने उशिरात उशिरा नऊला झोपायला हवं. मुंबईहून परतणारे पालक साडेआठ-नऊला घरात शिरतात, त्यानंतर जेवण. अशा घरात नऊला दिवे मालवले जात नाहीत. जानेवारीत ठाण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे ही मुलं अंधारात रिक्षात बसतात. पहिल्या दोन तासिकांना अर्धा वर्ग बाकावर डोकं टेकून असतो, आणि वाचन-लेखनाचे तास नेमके तेव्हाच असतात.

सरळ ९ ला शाळा का भरवत नाहीत, असं बरेच जण विचारतील. त्याचं उत्तर खोल्यांमध्ये आहे. ३५ मिनिटांच्या सात तासिका म्हणजे २४५ मिनिटं. परिपाठाची १५, मोठ्या सुट्टीची २५ आणि लहान सुट्टीची १० धरली की २९५, म्हणजे पाच तासांना पाच मिनिटं कमी. ९ ला भरलेली शाळा १.५५ ला सुटते. अठरा खोल्यांत माध्यमिकच्या अठरा तुकड्या १२.३० लाच बसायच्या असतात. त्यांना २.२० वर ढकललं तर दहावी पावणेआठ-आठला सुटेल. त्या वेळी स्टेशनवरून कळव्याला जाणाऱ्या मुलींचा विचार करा. एका इमारतीत दोन सत्रं असतील तर अदलाबदलीशिवाय मार्ग उरत नाही.

---

गोखले रोड

शासन निर्णय वाचायचा तर पूर्ण वाचा. ज्या व्यवस्थापनाला वेळ बदलणं अगदीच अशक्य असेल, त्याने शिक्षणाधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली अडचण सोडवावी, अशी तरतूद त्यात आहे. ती वापरली का? शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवला का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिला डावलून काढलेलं परिपत्रक मागे घ्यायला लावता येतं.

झोपेचं म्हणाल तर तुम्ही ती कुणाकडून काढून कुणाला दिलीत? आता पाचवी ते दहावीची मुलं ६.५० ला वर्गात. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, पंधरा वर्षांच्या मुलाला लवकर झोप लागतच नाही, आणि त्या वयाला ८ ते १० तासांची गरज असते. त्यातून संध्याकाळचे क्लास साडेनऊपर्यंत. एका गटाचा त्रास उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला आहे.

---

पाटीपेन्सिल

गोखले रोड, एक दुरुस्ती. कलम २१ मध्ये २०१२ साली बदल झाला आहे. अनुदानित शाळेत ही समिती सल्लागार स्वरूपाची आहे. महापालिकेच्या शाळेत तिला जे अधिकार आहेत ते इथे नाहीत, त्यामुळे 'मागे घ्यायला लावू' ही भाषा टिकणार नाही. विनाअनुदानित शाळेत तर हे कलमच लागू नाही. तिथे शुल्काच्या कायद्याखालचा शिक्षक-पालक संघ असतो, आणि त्याचं मुख्य काम शुल्काचं.

दुसरं म्हणजे प्राथमिकच्या मुख्याध्यापिका माध्यमिकची वेळ बदलू शकत नाहीत. दोन्ही विभागांचे मुख्याध्यापक वेगळे असतात. दोघांना बांधणारा निर्णय संस्थेचा, म्हणजे शाळा समिती आणि चिटणीस यांचा. बाईंच्या दाराशी भांडण्यापेक्षा संस्थेकडे लेखी अर्ज करा, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या आणि पोच घ्या. अर्जात तीनच गोष्टी मागा: संस्थेचा ठराव कोणत्या तारखेचा, अदलाबदलीपूर्वी कोणते पर्याय तपासले, आणि ते का नाकारले. सह्यांचे चारशे कागद जोडण्यापेक्षा हे तीन प्रश्न जड जातात, कारण त्यांना उत्तर द्यावं लागतं.

बाई 'बाहेरून लादल्या' असं शेजारच्या चर्चांमध्ये वाचलं. अनुदानित शाळेत मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने मिळतं. १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली त्यासाठीच आहे. एकाच संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून ज्येष्ठ शिक्षिका येणं यात वावगं काही नाही.

---

कळवा खाडी

कायदा बाजूला ठेवून पटाचं बघू. मराठी माध्यमाच्या शाळेत हा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा. अनुदानित शाळेतली शिक्षकांची पदं संचमान्यतेवर, म्हणजे शासनाने पटानुसार मंजूर केलेल्या पदसंख्येवर, ठरतात आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला १२१ ते २०० मुलांमागे पाच शिक्षक, आणि त्यापुढे एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. एका इयत्तेतली पंधरा-वीस मुलं गेली तरी तुकडी मोडते आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरतो.

पालक मूल काढतात ते बहुतेक वेळा माध्यमावरून नव्हे, सोयीवरून. सकाळी साडेसातला बस न्यायला येणारी इंग्रजी शाळा घोडबंदर रोडपासून कोपरीपर्यंत सगळीकडे आहे. प्रवेश झाल्यावर जूनमध्ये वेळ बदलली की पालकाला फसवल्यासारखं वाटतं. हाच बदल जानेवारीत जाहीर केला असता, तर ज्याला जमत नाही त्याने आधीच दुसरी सोय पाहिली असती, आणि ज्याने प्रवेश घेतला तो वेळ मान्य करूनच आला असता. निर्णय बरोबर असेल, पण त्याचा महिना चुकला आणि पटाला ते महाग पडेल.

---

वेळापत्रक

दुपारचं प्राथमिक सत्र वाईट नसतं, पण सकाळचं वेळापत्रक उचलून दुपारी ठेवलं की ते हमखास कोसळतं. बिघडतं ते या ठिकाणी.

मूल साडेअकराला पोटभर जेवून येतं आणि १२.४५ ते २ या वेळात पेंगतं. म्हणून पहिल्या दोन तासिकांना हालचालीचं काम हवं: कृतिगीतं, वर्गातले खेळ, कार्यानुभव, चित्रकला. भाषा आणि गणित २ नंतर. चारला पुन्हा लक्ष उडतं, तिथे गोष्ट किंवा परिसर अभ्यास. मोठी सुट्टी मध्यावर न ठेवता ३ च्या पुढे ठेवावी, कारण भूक तेव्हा लागते.

पोषण आहाराचं यावरच अवलंबून आहे. प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ हे प्रमाण आहे, पण शहरात अन्न केंद्रीय स्वयंपाकगृहातून शिजून येतं. गाडी माध्यमिकच्या सुट्टीच्या हिशेबाने सकाळी येऊन गेली आणि प्राथमिकचे डबे तिनेच उतरवले, तर खिचडी तीनपर्यंत झाकून ठेवावी लागेल. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते धोक्याचं आहे. पुरवठादाराला दुसऱ्या फेरीचं पत्र देणं हे मुख्याध्यापकाचं काम आहे. वाटपाआधी चव घेणाऱ्याची सही आणि वेळ नोंदवहीत रोज हवी.

स्वच्छतागृहं: माध्यमिक सुटल्यापासून १२.३० पर्यंत फार तर वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात ती धुऊन कोरडी होत नाहीत आणि ओल्या फरशीवर पहिलीची मुलं घसरतात. तळमजल्यावरचं एक स्वच्छतागृह सकाळच्या सत्रात बंद ठेवून फक्त प्राथमिकसाठी राखलं तर हा प्रश्न सुटतो, आणि त्याला खर्चही नाही.

आणि फाटक. १२.१० ला मोठी मुलं बाहेर लोटत असताना लहान मुलं आत शिरणार. नौपाड्याच्या गल्लीत रिक्षा आणि दुचाकी दोन्ही बाजूंना उभ्या असतात. मोठ्यांना मागच्या फाटकाने सोडा, छोट्यांना पुढच्या फाटकाने १२.२० नंतरच घ्या. रिक्षावाल्या काकांना मात्र ही अदलाबदल सोयीची आहे: मोठ्यांना घरी सोडायचं आणि त्याच भागातल्या छोट्यांना घेऊन यायचं.

उन्हाळ्याला माझ्याकडे उत्तर नाही. मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक शाळा सकाळच्या होतात. दोन सत्रांच्या इमारतीत ते जमत नाही. वरच्या मजल्यावर पत्रे असतील तर दुपारी दोनला तिथे सहा वर्षांचं मूल बसवू नये. प्राथमिकचे वर्ग खाली आणा.

---

आजीची पिशवी

फाटकाच्या नियमाबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांबद्दल शाळांना स्पष्ट आदेश दिले. त्यानंतरही कुणीही पालक जिन्यावरून वर्गापर्यंत जात होता, हेच चूक होतं. इथे बाईंना पूर्ण पाठिंबा.

पण ओळखपत्राची पद्धत पहिल्या महिन्यानंतर ढिली पडते. रखवालदार चेहरे ओळखू लागतो आणि कार्ड बघणं सोडतो. त्यासाठी मूल वर्गशिक्षिकेने स्वतः ताब्यात द्यावं. कार्डावर घ्यायला येणाऱ्या दोघांचे फोटो असावेत, तिसरं कुणी येणार असेल तर त्या दिवशीची डायरीतली सही लागेल, फोनवरचा निरोप चालणार नाही. आणि बारा तुकड्या एकदम सोडू नका. ५.१५ ला पहिली, मग पाच-पाच मिनिटांनी पुढची इयत्ता, चौथी ५.३० ला. पावसात छत्र्यांच्या गर्दीत कार्ड बघणं होत नाही, त्या दिवशी पहिली-दुसरी सभागृहातून सोडावी.

व्हॉट्सॲप गटावर पालकांचं लिहिणं बंद झालं तेही चांगलंच. सूचना डायरीत लिहून आली की मूल ती स्वतः वाचतं. गृहपाठाबद्दल वाद नकोच. २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं स्पष्ट लिहिलं आहे.

---

तीन हात नाका

वेळापत्रक, तुमचा प्रतिसाद छापून शनिवारच्या पालकसभेत वाटण्यासारखा आहे. खडू-फळा म्हणतात की अदलाबदलीशिवाय मार्ग नाही, पण अठरा खोल्यांत आणखी एक मांडणी बसते. पाचवी ते आठवीच्या बारा तुकड्या सकाळी. दुपारी प्राथमिकच्या बारा आणि नववी-दहावीच्या सहा, म्हणजे बरोबर अठरा. दहावीची झोप वाचते, आणि आठवीपर्यंतची मुलं दुपारी घरी असल्याने त्या वेळी क्लासला जाऊ शकतात.

---

खडू-फळा

खोल्या बसतात, शिक्षक बसत नाहीत. माध्यमिकला विषयशिक्षक असतात. विज्ञानाच्या एकाच बाई सातवी, आठवी आणि दहावीला शिकवत असतील तर त्यांचा दिवस ६.५० ला सुरू होऊन ६ ला संपेल. शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंतच्या शिक्षकांसाठी पूर्वतयारीसह आठवड्याला ४५ तास धरले आहेत. हा दिवस सहाने गुणून पाहा. शिवाय दुपारी एकही खोली मोकळी नाही, मग नववी-दहावीचे गट पाडून प्रात्यक्षिकं कशी घेणार?

---

गोखले रोड

तासिकांची वाटणी नव्याने करता येते. पाचवी ते आठवीचा एक संच, नववी-दहावीचा दुसरा, आणि ज्या दोन-तीन विषयांना शिक्षक एकच आहे त्यांचे तास सकाळच्या शेवटी आणि दुपारच्या सुरुवातीला लागून ठेवायचे. कठीण आहे, पण ते कागदावर मांडून बघितलं का, हाच माझा आक्षेप पहिल्यापासून आहे. पर्याय मांडून नाकारला असेल तर मी विरोध सोडेन. मांडलाच नसेल, तर शासन निर्णयाचं नाव पुढे करून पालकांना गप्प बसवू नये.

---

पाटीपेन्सिल

मग शनिवारच्या पालकसभेला माध्यमिकच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थेच्या चिटणीसांना बोलवा, म्हणजे तसं पत्र बुधवारपर्यंत द्या. बाईंना एकटीला पुढे बसवून चारशे पालकांनी प्रश्न विचारले तर त्यांना एकच उत्तर देता येईल, 'मी वर कळवते'. विषयशिक्षकांच्या तासिकांचा तक्ता माध्यमिकच्या कार्यालयात असतो. तो समोर असल्याशिवाय नववी-दहावीचा पर्याय ना मान्य करता येईल ना नाकारता येईल.