दोन तोंडांचा पेनड्राइव्ह: तुमचा अनुभव काय?

फोन भरला म्हणून दोन तोंडांचा पेनड्राइव्ह घेतला. एकीकडे नेहमीचं यूएसबी, दुसरीकडे टाइप-सी. केबल नको, नेट नको. ६४ जीबीचा ड्राइव्ह लॅपटॉपवर ५९ च्या आसपास दिसला तेव्हा दुकानदारावर तणतणलो. मग भाच्याने समजावलं, कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ते सोडा. पण तासभर कॉपी केली की ड्राइव्ह चटका बसेल इतका तापतो, वेगही मंदावतो. सगळ्यांचं असंच होतं का? वापरला असेल त्यांनी लिहा.
(मुलुंड)

दादर, झेरॉक्सचं दुकान
पूर्वी गिऱ्हाईक पीडीएफ माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवायचं, आता काहीजण हा ड्राइव्ह पुढे करतात. बरं पडतं. पण निम्मे लोक इजेक्ट न करता खेचतात आणि घरी जाऊन फाइल उघडत नाही म्हणून मलाच फोन करतात. आणि खरं सांगतो, आमच्या पीसीला दिवसभर कुणाकुणाचे ड्राइव्ह लागतात. घरी गेल्यावर स्कॅन करा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका.

लालबाग
विसर्जनाचा व्हिडिओ ६ जीबीचा. ड्राइव्ह अर्धा रिकामा, तरी घेईना. तो फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये होता, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. आतलं सगळं बाहेर काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, व्हिडिओ गेला. मग मंडळाच्या जुन्या टीव्हीने तो ड्राइव्हच ओळखला नाही! शेवटी लॅपटॉप जोडून दाखवला.

कांदिवली
आईचा फोन ड्राइव्ह ओळखेना. दोन कारणं निघाली. कव्हर जाड, त्यामुळे तोंड पूर्ण आत जात नव्हतं. आणि ओटीजी, म्हणजे फोनला ड्राइव्ह जोडायची सोय, सेटिंगमधून चालू करावं लागतं, थोडा वेळ वापरलं नाही की आपोआप बंद. आईचं म्हणणं, यापेक्षा अल्बम बरा.

घाटकोपर
स्टेशनबाहेरच्या ठेल्यावर ५१२ जीबीचा मिळाला, किंमत ऐकूनच शंका यायला हवी होती. सुरुवातीला उत्तम चालला. मुलीच्या बारशाचे फोटो टाकले, फोनमधून उडवले. महिन्याने बघते तर नावं दिसतात, फोटो उघडत नाहीत. भावाने एचटूटेस्टडब्ल्यू हा ड्राइव्हची खरी जागा तपासणारा प्रोग्राम चालवून पाहिला, खरी जागा ३२ सुद्धा नव्हती. आतली चिप खोटं माप सांगते आणि भरलं की जुन्यावरच नवीन लिहीत जाते. थोडे फोटो नणंदेच्या फोनमध्ये होते, तेवढेच वाचले. आता लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून बिलासकट घेते आणि रिकामा असतानाच तपासते.

विरार लोकलवाला
फिरतं झाकण सैल झालं, टाइप-सीच्या तोंडात खिशातली धूळ. बाकी चार वर्षं चालतोय.

पवई
मुलुंडकर, तापणं नेहमीचंच. एवढ्याशा पत्र्यात उष्णता जाणार कुठे? खोक्यावरचा ५ जीबीपीएस हा आकडा यूएसबीचा, चिपवर लिहिण्याचा वेग वेगळा. चिपमधला सुरुवातीचा वेगवान भाग भरला की मंदावतो. थोडं थोडं कॉपी करा. आणि फोटोंची एकमेव प्रत त्यावर ठेवू नका, घाटकोपरच्या ताईंचं वाचलंत ना?

मुलुंड (धागाकर्ता)
वाचलं, आणि रात्रीच सगळं जुन्या हार्डडिस्कवर उतरवलं. दहा-दहा जीबी करून पाहिलं, कोमटच राहिला. कांदिवलीकर, ते ओटीजी सेटिंग नेमकं कुठे असतं? बायकोच्या फोनमध्ये सापडत नाहीये.