मदत हवी आहे: मेरी नवीन काही शिकते की नाही?

शेवटचा_बाक: उद्या सेमिनार आहे. मेरीला रंगांबद्दल सगळं माहीत असतं, मग ती बाहेर येऊन लाल बघते. ती नवीन काही शिकते का? सरांना 'हो'ही चालत नाही, 'नाही'ही चालत नाही. पटकन सांगा.

खवचट_काका: कोण मेरी? बाहेर म्हणजे कुठून?

शेवटचा_बाक: तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सनच्या विचारप्रयोगातली, १९८२. काळ्यापांढऱ्या खोलीत वाढलेली शास्त्रज्ञ, रंग कधी बघितलेलाच नाही. गूगल करा ना काका.

परशा: तू कोणाच्या बाजूने बोलणार आहेस?

शेवटचा_बाक: भौतिकवादाच्या, अर्थात. म्हणजे जे आहे ते सगळं भौतिकच, मनसुद्धा. मेरी नवं तथ्य शिकली तर तेच कोसळतं.

परशा: मग लुईस आणि नेमिरो या तत्त्वज्ञांचं उत्तर धर. शिकते, पण नवं तथ्य नाही, नवं कसब. लाल ओळखणं, आठवणं, डोळ्यांपुढे आणणं. पोहण्यावरची पुस्तकं पाठ असलेला माणूस पहिल्यांदा तळ्यात उतरतो, तसं.

रानजाई: पळवाट आहे ही. 'लाल असं दिसतं तर!' असं ती म्हणेलच ना? ते खरं किंवा खोटं असू शकतं. पोहणं खरं-खोटं असतं का?

परशा: जॅक्सन स्वतःच पुढे भौतिकवादी झाला, ताई.

रानजाई: त्याने पक्ष बदलला म्हणून युक्तिवाद मोडला का?

अनुभव_हेच_ब्रह्म: परोक्ष (ऐकून-वाचून झालेलं) आणि अपरोक्ष (थेट अनुभवाचं) ज्ञान. आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी झालंय हे सगळं.

खवचट_काका: आले!

डोळस: प्रत्यक्ष प्रयोग झालाय. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या गटाने दिल्लीत केला, जन्मांध मुलांची शस्त्रक्रिया झाल्यावर; २०११ साली प्रसिद्ध झाला. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना नुसत्या नजरेने लगेच ओळखता येईना, काही दिवसांत जमलं.

परशा: तो मोलिनोचा प्रश्न, १६८८चा: स्पर्शाने ओळखीची वस्तू जन्मांधाला दृष्टी आल्यावर नुसती बघून ओळखता येईल का? त्या मुलांना दृष्टीचं 'सगळं' शास्त्र कुठे ठाऊक होतं? खरी मेरी हवी तर नॉर्वेचे क्नुत नॉर्डबी. दृष्टिशास्त्रज्ञ, आणि जन्मापासून रंग दिसतच नव्हते.

सोलकढी: माझ्या पुतण्याला लाल-हिरवा कळत नाही. त्याला लायसन्स मिळेल का?

शेवटचा_बाक: काकू, प्लीज!! रानजाईचा मुद्दा सरांनी काढला तर काय बोलू?

परशा: तथ्य जुनंच, ते मनात धरायची रीत नवी, असं म्हण.

रानजाई: आणि ती रीत कशी आहे, हे तिला खोलीत माहीत होतं का?

परशा: तत्त्वज्ञ डेनेट म्हणेल, होतं. बाहेर आल्याआल्या निळं केळं दाखवून 'हे पिवळं' असं फसवायला गेलात तरी ती फसणार नाही. 'सगळं माहीत' म्हणजे किती, याचा आपल्यालाच अंदाज येत नाही.

शेवटचा_बाक: म्हणजे 'शिकत नाही'? पण सरांना तेच तर चालत नाही!