इंटरव्ह्यूनंतर फोन आला नाही की तुम्ही काय करता? अनुभव सांगा

कृष्णाकाठची:
भाची काल घरी आली, तोंड एवढंसं. कुपवाड एमआयडीसीत इंटरव्ह्यू देऊन आठवडा उलटला, काहीच निरोप नाही, आणि म्हणते मावशी आपण विचारलं तर त्यांना वाटेल हिला फार घाई आहे. मला एकदम 2019 चा ऑगस्ट आठवला. स्टोअर्सच्या जागेसाठी इंटरव्ह्यू झालेला, साहेब म्हणाले सोमवारी सांगतो, आणि तेवढ्यात पूर आला. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आम्ही गावभागातलं घर सोडून तासगावला भावाकडे, लाईट नाही, मोबाईल बंद. पाणी उतरल्यावर घरातला चिखल उपसता उपसता फोन लावला. आधी विचारलं, साहेब तुमच्याकडे सगळी बरी आहेत का, मग जागेचं. ते म्हणाले ऑफिसात पाणी शिरलं, सगळ्यांचे बायोडाटे भिजले, बरं झालं तुम्हीच फोन केलात. त्याच महिन्यात जॉइन झाले. भाचीला ठणकावून सांगितलंय, विचारायचं. तुमचंही लिहा म्हणजे तिला वाचायला देते.

अजिंक्यताऱ्याखाली:
मी शिरवळला एचआरमध्ये आहे, जरा सविस्तर लिहितो. ताई, भाचीला मेल टाकायला सांगा आणि विषयातच पद आणि इंटरव्ह्यूची तारीख लिहू दे. खाली पूर्ण नाव, मोबाईल नंबर. आमच्याकडे एकेका दिवशी इतकी पोरं येतात की "सर माझं काय झालं" एवढाच मेसेज आला तर कोण हे शोधण्यातच वेळ जातो, आणि कामाच्या गडबडीत ते राहून जातं. उशीर झाला म्हणजे नकारच असंही नाही. मॅनेजर बाहेरगावी असतात, पगाराच्या आकड्यावर वरची सही यायची असते. अजून एक गोष्ट पोरांना माहीतच नसते. आधी एकाला ऑफर देतो, तो जुन्या कंपनीत नोटीस पिरियड काढतो आणि जॉइनिंगच्या तोंडावर नाही म्हणतो, त्याला तिथंच पगारवाढ मिळालेली असते. मग आम्ही दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला फोन करतो. त्या वेळी जो मधे एकदा नीट विचारून गेलेला असतो तो लगेच आठवतो. म्हणून महिन्याभरानं परत एक मेल टाकायला हरकत नाही. रोज मात्र नको.

फिटर आयटीआय:
दादा अप्रेंटिसचं पण असंच असतं का? गेटवर गेलो तर वॉचमन आत सोडत नाही

अजिंक्यताऱ्याखाली:
गेटवर नको येऊ. बॅच कधी भरणार ते तुझ्या आयटीआयच्या सरांना विचार, कंपन्या त्यांनाच आधी सांगतात.

मिरजवाली सिस्टर:
ड्युटीवर आहे, पटकन लिहिते. माझा इंटरव्ह्यू झाला तेव्हा नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यूअलला गेलेलं. सर्टिफिकेट हातात आल्यावर मेट्रन मॅडमना फोन करून विचारलं, झेरॉक्स आणून देऊ का. म्हणाल्या ये की. गेले तर तिथंच बसवून नाईट ड्युटी जमेल का विचारलं न्‌ जॉइनिंगची तारीख दिली. नुसतं काय झालं विचारण्यापेक्षा द्यायला काहीतरी हातात असलं की बरं पडतं.

तासिकावाला:
माझा अनुभव वाईट आहे. एका कॉलेजात तासिका तत्त्वावरची जागा, डेमो लेक्चर घेतलं, पोरांनी छान प्रतिसाद दिला. नंतर फोन केला की क्लार्क म्हणायचे मीटिंग व्हायची आहे. जून गेला, जुलै गेला, दुसरा माणूस शिकवायला लागलेला मला एका विद्यार्थ्याकडून कळलं. नाही म्हणा ना, वाईट वाटेल पण माणूस दुसरीकडं बघायला मोकळा होतो. घरी बायको रोज विचारायची, तिला काय सांगायचं?

मिरजवाली सिस्टर:
खरंय दादा, फार वाईट वाटलं वाचून. आता कुठं आहात?

तासिकावाला:
कराडला क्लासमध्ये शिकवतो. पोरं चांगली आहेत.

पेठेतला:
कृष्णाकाठच्या ताई, गावभागात कुठं तुम्ही? आमचं पण घर तिकडंच, 2021 ला परत पाणी आलं तेव्हा आम्ही विश्रामबागला आलो ते इकडंच राहिलो

कृष्णाकाठची:
अहो मग ओळख निघेल, वेगळा खाजगी मेसेज करते. भाचीनं मेल टाकला, मंगळवारपर्यंत कळवतो असं उत्तर पण आलं! जेवली एकदाची पोटभर. मंगळवारी नाही कळवलं तर?

अजिंक्यताऱ्याखाली:
बुधवारी दुपारी चारनंतर फोन करू दे. सकाळी सगळे प्रॉडक्शन मीटिंगमध्ये असतात.