जमिनीवरच्या पवनचक्क्यांपुरती जबाबदारी निश्चित करता येते
ब्रिटनमध्ये अणुऊर्जा आणि पवनऊर्जा रखडल्याचे खापर कोणत्याही एका सरकारवर फोडता येणार नाही, असे मत मांडले जाते; अणुऊर्जेपुरते ते मला मान्य आहे. १९९५ मध्ये साइझवेल बी हा अणुऊर्जा प्रकल्प सुरू झाल्यानंतर दोन्ही प्रमुख पक्ष सत्तेवर येऊन गेले, तरी तिथे एकही नवी अणुभट्टी कार्यान्वित झाली नाही. जमिनीवरच्या पवनचक्क्यांचे मात्र तसे नाही. जून २०१५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने इंग्लंडसाठी अशी अट घातली की, स्थानिकांच्या हरकतींचे पूर्ण निरसन झाल्याशिवाय नव्या पवनचक्कीला परवानगी मिळू नये, आणि त्यामुळे मोजक्या रहिवाशांचा विरोधही प्रकल्प अडवायला पुरेसा ठरू लागला. जुलै २०२४ मध्ये सत्तांतर होताच काही दिवसांत ही अट काढली गेली. तेव्हा या नऊ वर्षांच्या खोळंब्याची जबाबदारी कोणत्याही एका सरकारवर टाकता येत नाही, हे मला पटत नाही.