डाळिंबाच्या फळाचं तापमान आदल्या दिवशी कळेल का? सनबर्नचा वैताग

सांगोलेकर:
राम राम मंडळी. आंबे बहार आहे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात फळं झाडावर, जात भगवा. मोबाईलवर ३९-४० दाखवतंय आणि पश्चिमेच्या अंगाला जी फळं उघडी आहेत त्यांच्यावर तपकिरी चट्टे यायला लागलेत. मध्ये ४१ होतं तेव्हा काही झालं नाही आणि आता ३९ लाच भाजतंय, मग हे ठरतं तरी कशावर? उद्या धोका आहे हे आज कळायला काही हिशोब आहे का? सगळ्या बागेवर नेट टाकणं यंदा झेपणार नाही.

हवामानवेडा:
दादा, ॲपवरचं ४० हे सावलीतल्या हवेचं. उन्हातल्या फळाची साल त्याच्यावर १०-१५ डिग्री सहज जाते. किती जाते ते ऊन आणि वारा ठरवतो, वारा असला की सालीची उष्णता निघून जाते, पडला की फळ तापतच राहतं. तुमचा ४१ चा दिवस वाऱ्याचा नाहीतर ढगाळ असणार बघा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सफरचंदावर यावर बरंच काम झालंय, तिथं साल ४६ ते ४९ ला गेली की तपकिरी पडते आणि ५२ च्या आसपास दहा मिनिटं जरी राहिली तरी तेवढा भाग मरतो. हेच आकडे डाळिंबाला जसेच्या तसे लावू नका, पण हवा, ऊन, वारा, फळाचा आकार हा हिशोब तोच.

बागवान सटाणा:
मॉडेल वगैरे ठीक आहे हो, पण आधी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. दुपारी दोन ते चार उघड्या फळाची उन्हाकडची बाजू मोजायची, वीतभर अंतरावरून, लांबून धरलं तर मागचा पाला पण मोजला जातो आणि आकडा कमी येतो. शेजारी त्या वेळचं हवेचं तापमान आणि वारा लिहून ठेवा. थोड्या दिवसात वारा नसताना आपल्या बागेत किती फरक पडतो ते कळतं, मग उद्याच्या अंदाजात तो मिळवायचा, झालं.

सांगोलेकर:
हे जमेल. आणि दुपारी वरून पाणी मारून फळं गार केली तर? सफरचंदवाले करतात म्हणे.

बागवान सटाणा:
अजिबात नको!! पाला-फळं ओली ठेवून तेल्याला (डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग) आवतण कशाला? पाणी ड्रिपनेच द्या, ताण बसू देऊ नका, ताणावरच्या झाडाची फळं आधी भाजतात.

हवामानवेडा:
+१. आणि आता पश्चिमेकडचा पाला छाटू नका, सावलीत वाढलेलं फळ एकदम उन्हात आलं तर कमी तापमानालाही चट्टा पडतो. फळाच्या वजनाने वाकून उघड्या पडलेल्या फांद्या बांधून आत घ्या.

बागवान सटाणा:
केओलिन (फळांवर फवारायची पांढरी माती, ऊन परतवते) मात्र चट्टे पडायच्या आधीच मारा, पडलेला चट्टा काही जात नाही. आणि टाकी सारखी ढवळत रहा, तळाला बसतं ते, मग काही ओळी कोऱ्या आणि काही पांढऱ्याफटक.